राइनची नस्ती

नवा रायपुरात एक जागा आहे, तिला लोक ‘जहाज’ म्हणतात. बसचा कंडक्टर ‘जहाजवाले आगे आओ’ म्हणून ओरडतो आणि चार-दोन माणसं खुशाल उतरतात. तिथे जहाज नाही, नदी नाही, साधं डबकंसुद्धा नाही. विमान उतरेल एवढा रुंद रस्ता आहे, एक चहाची गुमटी म्हणजे टपरी आहे आणि पलीकडे मोकळं मैदान. कोणी नवखा विचारतो तेव्हा गुमटीवाला छातीठोकपणे सांगतो की इथे सरकार जहाज बांधणार होतं, पण फाइल अडकली. मी तिथे चहाला थांबते तेव्हा हे ऐकते आणि गप्प बसते. खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण त्या जहाजाच्या मोजणीच्या टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं हेडसाहेबांच्या हातात होतं.

हेडसाहेब म्हणजे पाण्याच्या खात्यातले आमचे हेड ड्राफ्ट्समन. नद्यांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या हाताखाली ते नकाशे गिरवणं हे माझं. मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा राज्यही नवंच होतं. राजधानी झाली म्हणून रायपूरने पेढे वाटले खरे, पण एवढी ऑफिसं बसवायला गावात जागाच नव्हती. आमचं ऑफिस एका जुन्या बंगल्यात कोंबलं होतं. नकाशांची कपाटं न्हाणीघरात होती, आणि कपाटांजवळ बसायला मिळावं म्हणून हेडसाहेबांनी आपलं टेबलही तिथेच लावून घेतलं होतं. डोक्यावर शॉवर, हातात पेन्सिल. मला तिकडे पाठवलं तेव्हा वाटलं, आपली कोणीतरी चेष्टा करतंय.

अंगाने काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, कानामागे ब्लेडने तासलेली लांब टोकाची पेन्सिल. त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर त्यांनी स्वतः सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. अकरा, एक आणि चार वाजता ते बाटली डोळ्यांसमोर धरून वाचन घ्यायचे आणि डायरीत लिहायचे. पाणी खालच्या खुणेवर आलं की ‘लेव्हल उतरून राहिली’ असं म्हणून भरायला जायचे. घरातही त्यांच्या नस्त्या होत्या. नस्ती म्हणजे सरकारी फाइल. पंखा बदलायचा तर नस्ती, गव्हाला ऊन दाखवायचं तर नस्ती. प्रत्येकीवर विषय लिहिलेला असायचा आणि आत टिपा.

मी काढलेला पहिला नकाशा आमच्या खारून नदीचा होता. वळणं अशी सुबक काढली होती की मलाच कौतुक वाटत होतं. साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, “मौक्यावर पाह्यली काय?” मौक्यावर म्हणजे प्रत्यक्ष जागेवर. मी नाही म्हटलं. “मंग हे काय काढून राहिली तू, स्वप्न?” असं म्हणून त्यांनी कागद पालथा घातला. दुसऱ्या दिवशी मला महादेव घाटावर नेलं. अर्धा तास काठावर उभं करून ठेवलं, मग म्हणाले, चल पल्याड. समोर होड्या लागलेल्या होत्या, नावाडी हात करून बोलवत होते. साहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मला घेऊन भर उन्हात लांबच्या पुलाकडे चालू लागले. पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

“पोरी,” ते म्हणाले, “ज्या काठावर आपण उभे राह्यतो ना, तो काठ आपल्याले दिसत नाही. समोरचाच दिसते. म्हणून पल्याड जायचं. एका काठावरून नदी काढाची नाही.”

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं आणि त्यात काही चूक नव्हती. गंमत एवढीच, की चौतीस वर्षं नद्यांचे नकाशे काढणारा हा माणूस आयुष्यात कधी नावेत बसला नव्हता. नदी मोजताना एक माणूस होडीत काठी घेऊन असतो आणि दुसरा काठावर दोर धरून, ओरडून सांगितलेले आकडे वहीत लिहितो. हेडसाहेब कायम दुसरे. एकदा खात्याची सहल धरणावर गेली होती. सगळे मोटारबोटीत बसले, साहेब आमच्या चपलांची रांग लावून त्यांच्याजवळ बसले. मोठ्या साहेबांनी फारच आग्रह केला तेव्हा नम्रपणे म्हणाले की कोणीतरी काठावर पाहिजे.

अशा माणसाच्या बायकोला नदीतून फिरायची हौस असावी, याला काय म्हणायचं?

काकूंची हौस शाळेतून आली होती. त्या हिंदी शाळेत भूगोल शिकवायच्या. सहावीच्या परीक्षेत दर वर्षी एका मार्काची रिकामी जागा असायची: ‘राइन नदी की घाटी में ______ की खेती होती है.’ उत्तर अंगूर. आणि दर वर्षी निम्मा वर्ग तिथे ‘धान’ लिहायचा. पोरांचं काय चुकलं? त्यांनी जन्मात जिथे जिथे पाहिलं तिथे तिथे धानच होतं. काकू मात्र लाल शाईने शून्य द्यायच्या. काही जण ‘धान और अंगूर’ लिहून अर्ध्या मार्कावर डोळा ठेवायचे, त्यांनाही शून्य. रिकाम्या जागेला अर्धा मार्क नसतो, एक नाहीतर शून्य, असा त्यांचा कायदा होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी अभनपुरकडच्या एका खेड्यातून येणारी मुलगी पेपर हातात घेऊन उभी राहिली आणि तिने शांतपणे विचारलं, “मैडम, आप देखे हो क्या?” काकू नाही म्हणाल्या. मुलगी खाली बसली. तिचं म्हणणं तेवढंच होतं.

“तीस वर्षं पोट्ट्यांचे मार्क कापले मी,” काकू मला सांगत होत्या, “अन् खुद्द पाह्यलं नाही. आता रिटायर झाली, आता जाऊन पाह्यते. नावेत बसून, दोन्हीकडे पाह्यत पाह्यत.” पैसे त्यांच्या स्वतःच्या फंडाचे होते, तेव्हा तो प्रश्न नव्हता. त्या खोऱ्यातून पर्यटकांना फिरवणाऱ्या मोठ्या बोटी असतात, त्यात राहायला खोल्या असतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यातली कोणती चांगली, ते निवडायचं काम त्यांनी नवऱ्यावर सोपवलं, कारण नदी हा त्याचा विषय होता. इथेच त्यांचं चुकलं.

साहेबांनी नवी नस्ती उघडली. वर सुंदर अक्षरात लिहिलं, ‘विषय: राइन नदी घाटी में अंगूर देखने बाबत.’

पहिला उन्हाळा पाण्यात गेला. साहेब जयस्तंभाजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेले, मला बरोबर घेऊन. तो पोरगा बिचारा खिडकीवाली खोली हवी की बाल्कनीवाली ते विचारत होता. साहेबांनी नदीची मागच्या दहा वर्षांची लेव्हल मागितली. तो हसून म्हणाला, अंकल, नदी है, पानी तो रहेगा ही. साहेब ताडकन उठले. ज्याने राजिमला मे महिन्यात महानदीच्या पात्रातून बैलगाड्या जाताना पाहिल्या आहेत, त्याला असलं बोलणं सहन होणं शक्यच नव्हतं. पोराने घाईघाईने एक रंगीत पुस्तिका हातात दिली. तिच्यावर डोंगर, डोंगरावर किल्ला, खाली नदी. घरी आल्यावर साहेबांनी नस्तीत टीप लिहिली: ‘किला है. लेव्हल नहीं है.’ खाली आणखी एक ओळ होती. सहलीत रोज वाइन चाखायला देतात, त्याबद्दलही त्यांनी विचारून घेतलं होतं. ‘मद्य अनिवार्य नहीं.’

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी द्राक्षांच्या खोऱ्यातून वाहणाऱ्या युरोपातल्या चार नद्या काढल्या आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता केला. त्यात पोर्तुगालची दूरो नदी पहिली आली. तिच्यावर धरणं आहेत, पाणी माणसाच्या हातात आहे, वागणूक भरवशाची आहे. लग्नाचं स्थळ सांगावं तसं ते तिच्याबद्दल सांगत होते. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की प्रश्न राइनचा आहे, पेपरात कोणी दूरो लिहिलं तर मी शून्य देईन. साहेबांनी नस्तीवर ‘चर्चा करें’ असा शेरा मारून ती बाजूला ठेवली. तिसऱ्या उन्हाळ्यात चर्चा सुरू झाली. तोवर काकूंचे गुडघे जिना चढताना बोलू लागले होते. पुस्तिकेतला तो किल्ल्याचा फोटो कापून त्यांनी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला होता, आणि पोळ्या लाटताना त्याच्याकडे पाहायच्या.

त्याच सुमारास ऑफिसं नवा रायपुरात हलली. मी जुन्या गावातून स्टाफच्या बसने जाऊ-येऊ लागले. साहेबांना तिकडे सेक्टरात क्वार्टर मिळालं. आजूबाजूला निम्मी घरं रिकामी, समोर क्षितिजापर्यंत मैदान. जुन्या घरात दोन खुर्च्या समोरासमोर बसत नव्हत्या. आता एवढी जागा पाहून साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली.

पुस्तिकेत बोटीचा नकाशा होता आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘प्रमाणात नाही’ अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं होतं. साहेबांना तो स्वतःचा अपमान वाटला. प्रमाणात नसलेल्या बोटीत माणसाने बसायचं कसं? एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. क्वार्टरसमोर चुन्याच्या फक्कीची दोन पोती उभी होती. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी त्या मैदानावर ऐंशी मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद असं अख्खं जहाज आखलं. जेवणाची खोली, जिना, आमची म्हणजे काकूंची केबिन, दोन पलंग, न्हाणीघराचं दार कुठे उघडतं तेही. जहाजाबाहेरचं सगळं मैदान म्हणजे राइन नदी.

आता, नव्या राजधानीत जमिनीवर पांढरी रेघ दिसली की लोक काय समजतात हे आम्हाला कळायला हवं होतं. गेली काही वर्षं तिथे जिथे जिथे चुना पडला तिथे तिथे सहा महिन्यांत इमारत उभी राहिली होती. एक सायकलवाला थांबला आणि विचारू लागला, “का बनत हे, भैया?” साहेब खोटं बोलत नसत. म्हणाले, जहाज. सायकलवाला “हव” म्हणजे “हो” म्हणाला आणि गावात जाऊन सांगून आला.

संध्याकाळी पंचवीस माणसं पाहायला आली. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या टोकासमोर चहाची गुमटी लागली. जहाज झालं म्हणजे उतारू येणार, हा हिशोब गुमटीवाल्याने बरोबर मांडला होता. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ शिपायाच्या जागेसाठी अर्ज घेऊन आले. चौथ्या दिवशी कोणीतरी नारळ फोडून गेलं. आठवड्याने जमिनीचा कारभार पाहणाऱ्या एका ऑफिसातून पत्र आलं, की उक्त स्थळी कोणत्या विभागाचं बांधकाम प्रस्तावित आहे याचा खुलासा करावा. साहेबांनी उलट टपाली खुलासा केला: ‘उक्त चिन्हांकन एक जहाज का है. निर्माण प्रस्तावित नहीं.’ आता कोणीही इथे थांबला असता. पण तिथल्या बाबूने दुसरं पत्र काढलं, की जहाजासाठी पाण्याची व्यवस्था कोणता विभाग करणार? ते पत्र अभिप्रायासाठी पाण्याच्या खात्याकडे म्हणजे आमच्याकडे आलं, आणि फिरत फिरत हेडसाहेबांच्याच टेबलावर पडलं. ते दोन दिवस त्याच्याकडे पाहत होते. मला हसू आवरेना म्हणून मी सारखी बाटली भरायला उठत होते. शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘स्थल पर जल नहीं है. निकट की बड़ी नदी महानदी है. गर्मी में उसमें भी नहीं है.’

त्यानंतर पत्र आलं नाही. माझा अंदाज आहे की गुमटीवाला म्हणतो ती अडकलेली फाइल हीच.

इकडे आखलेल्या जहाजात रंगीत तालीम सुरू झाली. आठ दिवसांची सहल, म्हणून आठ संध्याकाळी. साहेब ऑफिसातून आले की स्टीलची थाळी वाजवून जेवणाची वेळ जाहीर करायचे. बोटीत अनोळखी प्रवाशांबरोबर एका टेबलावर बसावं लागतं, त्याची सवय व्हावी म्हणून मी अनोळखी प्रवासी. ज्या काकूंच्या डब्यातलं मी दहा वर्षं खात होते, त्यांच्याशी रोज नव्याने ओळख करून घ्यायची आणि हवापाण्याबद्दल बोलायचं. वाइनच्या जागी बेलाचं सरबत. दोन्ही बाजूंना बांबू रोवून त्यांच्यावर सुतळीने द्राक्षांचे घड टांगले होते. तिसऱ्या दिवशी उजव्या काठाची सगळी लागवड बकऱ्यांनी खाल्ली. साहेबांनी त्याचीही नोंद केली. रस्त्याकडेला गावातली माणसं चहाचे ग्लास घेऊन बसलेली असायची आणि अधूनमधून जहाज सुटायचं कधी ते विचारायची.

पाचव्या संध्याकाळी वरणात मीठ कमी पडलं. काकू उठल्या आणि सरळ चुन्याची रेघ ओलांडून घराकडे निघाल्या.

“अवं, पाणी आहे तिथं,” साहेब ओरडले.

“मले पोहता येते,” काकू म्हणाल्या आणि नदीतून चालत गेल्या. आम्ही सगळे हसलो. रस्त्यावरचे लोकही हसले. काकू मिठाची बरणी घेऊन परत आल्या, पण जहाजात शिरल्या नाहीत. रेघेपासून तीन हात दूर, भर राइनमध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोकळा हात पुढे केला. “या तुम्ही. इथपर्यंत या,” त्या म्हणाल्या. साहेब उठले, रेघेपाशी गेले. त्यांच्या चपलेची टोकं चुन्याला लागली होती. खाली कोरडी माती होती, भेगा पडलेली. त्यांनी एक पाय उचलला आणि परत तिथेच ठेवला. मग हसल्यासारखं केलं, वळले, आणि आखलेल्या जिन्यावरून, आखलेल्या दारातून, जिथे बोट काठाला लागते अशी खूण केली होती तिथून लांब वळसा घालून काकूंपर्यंत गेले. माझं हसू तिथेच थांबलं. हा माणूस तीन वर्षं नदी निवडत नव्हता, नदी टाळत होता, हे मला आणि काकूंना एकाच वेळी कळलं. मला त्यांची दया आली, आणि काकूंचे गुडघे आठवून रागही आला.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच बस पकडून ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेल्या आणि राइनची दोन माणसांची जागा सांगून आल्या. साहेबांना त्यांनी एवढंच कळवलं की नदी ठरली आहे, त्या पोराकडे तीन बोटी आहेत, त्यांतली एक आठ दिवसांत निवडा. आणि आश्चर्य म्हणजे आठ दिवसांत त्यांनी खरंच निवडली. सगळ्यात लहान आणि सगळ्यात रेंगाळणारी बोट. द्राक्षांच्या त्या दरीतून आठ नाही, चारच दिवस, रोज थोडं थोडं अंतर, रात्री काठाला मुक्काम. तक्ता मी पाहिला. त्यात शेवटचा एक रकाना होता: मुक्काम कोणत्या काठाला. निवडलेल्या बोटीपुढे चारही दिवस ‘दायां’ म्हणजे उजवा काठ लिहिला होता आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती. मला त्याचा अर्थ लागला नाही.

तो लागला साहेबांच्या रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी, गुमटीवर. मी निरोपाचा हार घरी पोचवायला गेले होते, आणि आम्ही तिघं जहाजाच्या टोकाशी बाकावर चहा पीत होतो. साहेबांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि काकूंसमोर धरला. रेल्वेचं टाइमटेबल होतं. त्या दरीत नदीच्या दोन्ही काठांनी रूळ जातात. बोट सकाळी सुटायच्या आधी ते उतरणार, उजव्या काठाच्या गाडीने पुढच्या मुक्कामाला जाणार आणि संध्याकाळी बोट काठाला बांधली की परत चढणार. बांधलेल्या बोटीला त्यांची हरकत नव्हती. हे सगळं त्यांनी अगदी खाली मान घालून सांगितलं.

काकूंनी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं.

“एकटीनं पाह्याचं असतं,” त्या म्हणाल्या, “त अॅटलास घरीच होता.”

साहेब ग्लास हातात फिरवत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण बाकावर मी मध्ये होते. थोड्या वेळाने काकूंनी त्यांच्या शाळेतल्या आवाजात सांगितलं की ठीक आहे, रेल्वेने या. पण नस्ती संग घ्यायची, रोज काय पाहिलं ते लिहायचं, आणि रोज संध्याकाळी मी तपासणार.

पुढचं मला काकूंनी आल्यावर सांगितलं. पहिल्या सकाळी ठरल्याप्रमाणे साहेब नस्ती बगलेत मारून उतरले. बोटीवरचे लोक समजले, नवरा-बायकोचं भांडण झालं आहे. दिवसभर काकू डेकवर आणि साहेब रेल्वेत. रूळ पाण्याला इतके लागून होते की मधूनमधून ते खिडकीत दिसायचे. काकू हात करायच्या, ते नस्ती हलवायचे. एकदा गाडी पुढे निघून गेली तर पुढच्या स्टेशनावर उतरून ते काठावर उभे होते, आणि बोट समोरून गेली तेव्हा काकूंनी खारूनवर काठीवाला ओरडतो तसं ओरडून सांगितलं की डावीकडे आहेत अंगूर. ते लिहून घेत होते. दोन दिवसांनी सगळी बोटच काकूंबरोबर हात करायला लागली. वाइन काकूंनी प्यायली का, ते मी विचारलं नाही. त्या ‘आंबट राह्यते’ एवढंच म्हणाल्या.

मग साहेबांनी स्वतः मला जहाजावर बोलावलं. म्हणजे गुमटीवर. चुना केव्हाच वाहून गेला होता, पण बाक त्याच जागी होता. त्यांनी नस्ती माझ्या हातात दिली आणि बाटलीचं वाचन घेतल्यासारखं करत दुसरीकडे पाहत बसले. मी मागची पानं उलटून शेवटाला आले. टिपा काळ्या शाईत होत्या, शेरे लाल.

पहिला दिवस: ‘दायें किनारे से, रेल से देखा. सामने के किनारे पर अंगूर पाए गए.’ खाली लाल शाईत: ‘अपना किनारा? शून्य.’

दुसरा दिवस: ‘अपना किनारा देखने हेतु पार जाना आवश्यक. पुल की जानकारी ली. पुल नहीं है.’ मी मान वर केली. साहेब ओशाळून म्हणाले की त्या अख्ख्या दरीत एकही पूल नाही. पुस्तिकेतल्या नदीच्या नकाशात नव्हता तेव्हा त्यांना वाटलं, हाही नकाशा प्रमाणात नाही म्हणून काढायचा राहिला असेल. एवढ्या हुशार लोकांच्या देशात नदीवर पूल नसेल असं कोणाच्या मनात येणार? स्टेशनावर एका बाईला त्यांनी कागदावर पूल काढून दाखवला, तर तिने पाण्यातल्या नावेकडे बोट केलं. टिपेखाली लाल शाईत पुन्हा शून्य होतं.

तिसरा दिवस: ‘पुल आज भी नहीं है.’ शून्य.

चौथ्या सकाळी बोट सुटायची वेळ झाली तरी साहेब काठावर, बोटीत चढायच्या फळीजवळ उभेच होते, हे काकूंनी मला सांगितलं होतं. काकू वर कठड्याशी होत्या. त्यांनी बोलावलं नाही. एवढ्यात साहेबांनी पिशवीतून मोजणीचा टेप काढला, त्याचं टोक वर काकूंकडे दिलं आणि म्हणाले, “धर. सोडू नको.” मग दुसरं टोक मुठीत घट्ट धरून, पाण्याकडे न पाहता, ते फळीवरून वर गेले. संध्याकाळपर्यंत दोघं डेकवर तशीच बसली होती, टेपची दोन टोकं धरून.

शेवटच्या पानावरचं अक्षर साहेबांचं वाटत नव्हतं. चौतीस वर्षांत ज्यांची रेघ कधी हलली नाही, त्यांच्या ओळी वरखाली गेल्या होत्या. ‘आज जहाज से, बीच धारा से देखा. दोनों किनारों पर अंगूर पाए गए. शिक्षिका का कथन सही है. नस्ती बंद की जाए.’

खाली लाल शाईत एक आकडा होता आणि त्याच्याभोवती मोठा गोल. एकापैकी एक.